अप्पांचं मेंदूदान: निम्हान्सच्या ब्रेन बँकेचा आमचा अनुभव

अप्पा गेले ८ फेब्रुवारी २०२४ ला पहाटे तीन चाळीसला, आणि त्याच दिवशी दुपारच्या आत त्यांचा मेंदू बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या सरकारी हॉस्पिटलमधल्या ब्रेन बँकेत जमा झाला होता. त्यानंतर ओळखीतल्या तीन घरांतून मला फोन आले की नक्की काय काय करावं लागतं, आणि दरवेळी तासभर बोलूनही काहीतरी सांगायचं राहूनच जायचं. आम्ही शोधाशोध करत होतो तेव्हा मराठीत कुणी सलग लिहिलेलं मला तरी सापडलं नव्हतं, म्हणून तारखा, पैसे, सगळ्यासकट इथे लिहून ठेवतेय. लांबलंय, पण ज्याला गरज आहे तो वाचेल.

अप्पांचं बेळगावात शहापूरला टेलरिंगचं दुकान होतं. चाळीस वर्षं शर्ट-पँटी शिवल्या, आणि काजांची मशीनं आली तरी चांगल्या शर्टाची काजं ते हातानेच करायचे. २०१८ च्या दिवाळीच्या गर्दीत ती काजं वाकडी जायला लागली. सुई नीट दिसत नाही म्हणायचे. आम्ही चष्मा बदलला, मग बायफोकल केला, मग मे २०१९ मध्ये दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं, मिळून ४६,००० रुपये लागले. ऑपरेशन उत्तम झालं, तक्त्यावरची अगदी खालची ओळसुद्धा अप्पांनी घडाघडा वाचली, आणि घरी येऊन मशीनवर बसले तर सुई तशीच दिसेना. समोरचं सगळं दिसत होतं, नजर खाली जात नव्हती. पण हे आम्हाला कळायला अजून अडीच वर्षं जायची होती. तोपर्यंत ताटाबाहेर भात सांडायचा आणि आई वैतागून म्हणायची, "जरा खाली बघून जेवा की हो." जिना उतरताना पायरी चुकायची. आणि पडायचे ते मागच्या मागे, ताठ, हात न टेकता, भिंतीला लावलेली फळी पडावी तसे.

जानेवारी २०२० मध्ये एका न्यूरॉलॉजिस्टनी पार्किन्सन्स सांगितलं आणि त्यावरची सिंडोपा ११० ही गोळी दिवसातून तीनदा सुरू झाली. पुढे डोस वाढवला तरी काडीचा फरक पडला नाही. तेवढ्यात लॉकडाऊन लागलं, दुकान बंद झालं ते झालंच. सप्टेंबर २०२१ मध्ये मी अप्पा-आईंना बंगळूरला माझ्याकडे घेऊन आले.

निम्हान्सला आम्ही पहिल्यांदा गेलो ९ नोव्हेंबर २०२१ ला. सकाळी सहाला घरातून निघालो, कारण नावनोंदणीची रांग लवकर लागते. पहिल्या दिवशी नोंदणी आणि प्राथमिक तपासणी एवढंच झालं, सविस्तर तपासणीसाठी २ डिसेंबरची तारीख मिळाली. पेशंटला बसायला व्हीलचेअर, खायला घरचा डबा, पाणी आणि जुन्या कागदांची फाइल एवढं सोबत ठेवा, दिवस मोडतो. खर्च म्हणाल तर बाहेर एका खाजगी सेंटरला केलेला एमआरआय ८,५०० चा आणि येण्याजाण्याची टॅक्सी, बाकी फार नाही.

२ डिसेंबरला जे पाहिलं ते मी विसरणार नाही. तरुण डॉक्टर होती, कन्नडमध्ये अप्पांशी छान बोलत होती. तिने सांगितलं, मी वाजवते तशा तीनच टाळ्या वाजवा. तिने तीन वाजवल्या. अप्पांनी तीन वाजवल्या, चौथी वाजवली, पाचवी वाजवली, आणि थांबेनातच. आईला वाटलं ते भजनातल्यासारखी टाळी धरतायत, ती हसली. डॉक्टर हसली नाही. तिने अप्पांच्या हातांवर हळूच आपला हात ठेवला तेव्हा ते थांबले. मग पेन डोळ्यासमोर धरून वर-खाली नेलं. वर थोडी नजर गेली, खाली गेलीच नाही. मग त्यांचं डोकं हाताने धरून मागे झुकवलं तेव्हा बुबुळं आपोआप खाली आली. म्हणजे डोळ्याचे स्नायू ठीक होते, त्यांना हुकूम देणारा मेंदूचा भाग बिघडला होता. एमआरआयवर मध्यमेंदू इतका आक्रसला होता की बाजूने बघितलं तर लांब चोचीचा पक्षी दिसतो, डॉक्टर लोक त्याला हमिंगबर्ड साइन म्हणतात. मला तो पक्षी तिने बोटाने दाखवला.

आजाराचं नाव प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, सगळे पीएसपीच म्हणतात. लाखात पाच-सहा लोकांना असतो. १९६४ साली टोरँटोच्या स्टील, रिचर्डसन आणि ओल्झेव्स्की या तीन डॉक्टरांनी तो पार्किन्सन्सपासून वेगळा काढून दाखवला, आणि तो काढता आला त्याचं मोठं कारण म्हणजे गेलेल्या पेशंटचे मेंदू त्यांना तपासायला मिळाले. टाऊ नावाचं एक प्रोटीन पेशींमध्ये गुठळ्या करून साठत जातं आणि त्या पेशी मरतात. थांबवणारं औषध आजही नाही. टाऊवरच्या दोन अँटिबॉडीच्या मोठ्या ट्रायल झाल्या, त्या दोन्ही २०१९ मध्ये अपयशी ठरल्या. हे सगळं मी रात्री जागून वाचलं होतं, त्यामुळे पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना सरळ विचारलं की नक्की पीएसपीच आहे ना, का परत काही वेगळं निघेल? ते म्हणाले, लक्षणं आणि एमआरआय बघता आमची खात्री आहे, पण शंभर टक्के खात्री मेंदू मायक्रोस्कोपखाली पाहिल्यावरच होते. अप्पा शेजारी व्हीलचेअरवर होते. त्यांचं बोलणं तोपर्यंत जड आणि घोगरं झालं होतं, एका वाक्याला मिनिटभर लागायचा. परत येताना गाडीत, डेअरी सर्कलच्या सिग्नलला, ते म्हणाले, "मग बघू देत की."

मला आधी कळलंच नाही कशाबद्दल बोलतायत.

निम्हान्सच्या न्यूरोपॅथॉलॉजी विभागात १९९५ पासून ब्रेन बँक आहे, डॉ. एस. के. शंकर यांनी ती उभी केली. इथे मेंदू जपून ठेवतात, आणि देशातल्या संशोधकांना अभ्यासासाठी त्याचे नमुने देतात. आता एक गोंधळ सुरुवातीलाच मिटवते कारण आमच्या घरात त्यावर महिना गेला. ब्रेन डोनेशन म्हटलं की लोकांना ब्रेन डेड पेशंटचं अवयवदान वाटतं. ते वेगळं. तिथे हृदय चालू असतं आणि किडनी-लिव्हर दुसऱ्या माणसाला बसवतात. इथे माणूस नेहमीसारखा गेलेला असतो, घरी किंवा हॉस्पिटलात, आणि मेंदू कुणाला बसवत नाहीत, तो फक्त अभ्यासाला जातो. देहदानही वेगळं, तिथे अख्खं शरीर मेडिकल कॉलेजच्या अॅनाटॉमीला जातं आणि परत मिळत नाही. मेंदूदानात मेंदू काढून घेतल्यावर शरीर त्याच दिवशी घरच्यांच्या ताब्यात मिळतं, अंत्यसंस्कार नेहमीसारखे करता येतात. नेत्रदान सोबत करता येतं, फक्त ते सहा तासांच्या आत व्हावं लागतं.

घरच्यांना तयार करणं हे फॉर्मपेक्षा कितीतरी अवघड होतं. दादा पुण्याला असतो, तो पहिल्यांदा फोनवर गप्पच बसला आणि नंतर म्हणाला, त्यांना आधीच एवढा त्रास झालाय, आता गेल्यावर तरी सोडा. आत्या बेळगावहून रडायलाच लागल्या, पुढच्या जन्मी मेंदूशिवाय जन्माला येतील म्हणाल्या. शिवाय कपालक्रियेचं काय, कवटी आधीच उघडलेली असली तर चालतं का, हा त्यांचा खरा प्रश्न होता आणि मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं. मी वाद घातला नाही. आमचे बेळगावचे गुरुजी आहेत, त्यांनाच फोन लावून दिला. ते म्हणाले, अपघातात गेलेल्यांचं पोस्टमॉर्टेम होतं, त्यांचे संस्कार आपण करतोच की, जो देह हातात येतो त्यावर संस्कार होतात. आत्यांना ते पटलं. माझं एवढंच सांगणं आहे की ज्याचा प्रश्न श्रद्धेचा आहे त्याला संशोधनाचं महत्त्व पटवत बसू नका, त्याच्या विश्वासातल्या माणसाशी त्याचं बोलणं करून द्या. दादाचं मन मात्र अप्पांनीच वळवलं. व्हिडिओ कॉलवर त्यांनी त्याला एकच शब्द सांगितला, "माझं." म्हणजे निर्णय माझा. तो रेकॉर्ड झालेला कॉल माझ्याकडे अजून आहे.

१७ ऑगस्ट २०२२ ला, बुधवारी, आम्ही ब्रेन बँकेत गेलो. मी, माझा नवरा, आई आणि अप्पा. तिथेच ब्रेन म्युझियम आहे, काचेच्या बरण्यांमधून मेंदू ठेवलेत, स्ट्रोकचे, ट्यूमरचे, अल्झायमर्सचे. माणसाचा खरा मेंदू हातात घेऊन बघता येतो. मी ग्लोव्ह घालून घेतला. वाटला होता त्यापेक्षा जड होता आणि फॉर्मॅलिनमुळे रबरासारखा घट्ट. आईने लांबूनच पाहिला. अल्झायमर्सचा शेजारच्या चांगल्या मेंदूपेक्षा लहान, वळ्यांमधल्या फटी रुंद झालेल्या, वाळलेल्या अक्रोडासारखा. आई बराच वेळ तिथे उभी राहिली.

मग तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सगळं समजावलं. मेंदूचा काही भाग उणे ऐंशी डिग्रीच्या फ्रीझरमध्ये जातो, कारण गोठवलेल्या पेशींतून डीएनए, आरएनए, प्रोटीन यांचा अभ्यास करता येतो. बाकीचा भाग फॉर्मॅलिनमध्ये काही आठवडे घट्ट होऊ देतात आणि मग त्याचे पातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली बघतात. मृत्यूनंतर जितक्या लवकर मेंदू मिळेल तितकं चांगलं, उशीर झाला तर पेशींमधली नाजूक रसायनं विरून जातात. नमुने संशोधकांकडे जातात तेव्हा त्यावर नाव नसतं, कोड नंबर असतो. पैसे घेत नाहीत आणि देतही नाहीत. आणि एक गोष्ट मला नवीन होती, फक्त आजारी मेंदू नाही, कुठलाही मेंदूचा आजार नसलेल्या माणसांचे मेंदूही त्यांना तितकेच लागतात, कारण तुलना करायला काहीतरी हवं. ते फारच कमी मिळतात.

अप्पा सगळं ऐकत होते, डोळे नेहमीसारखे समोर लावलेले. काही विचारायचंय का म्हटल्यावर त्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, "तोंड खराब होणार नाही न्हवं?" डॉक्टरांनी स्वतःच्या डोक्यावर बोट फिरवून दाखवलं, एका कानामागून वर टाळूवरून दुसऱ्या कानामागे चीर देतात, चेहऱ्याला हात लागत नाही. दुसरा प्रश्न यायला वेळ लागला. "शिवणार कोण?"

डॉक्टर म्हणाले, आमचा माणूस आहे, वीस वर्षं हेच काम करतोय. अप्पांनी मान हलवली.

फॉर्मवर त्यांनी स्वतः सही केली. पहिलं अक्षर मोठं आणि पुढे बारीक बारीक होत मुंगीएवढी, पण सही त्यांची होती. अंगठा चालला असता, त्यांनी घेऊ दिला नाही. साक्षीदारांच्या सह्या आईच्या आणि माझ्या नवऱ्याच्या. फॉर्म भरला म्हणून काम संपत नाही, मृत्यूनंतर जवळच्या नातेवाइकाची लेखी संमती परत घेतात आणि त्या वेळी घरातल्यांनी नको म्हटलं तर मेंदू घेत नाहीत. म्हणूनच घरातल्या प्रत्येकाशी आधी बोलून ठेवायला हवं. आणि पेशंटला समजतंय, बोलता येतंय तोवरच फॉर्म भरा. आम्ही अजून आठ महिने थांबलो असतो तर अप्पांना हे दोन प्रश्न विचारता आले नसते.

मधल्या दीड वर्षाबद्दल थोडक्यातच लिहिते. गिळायला त्रास वाढला, पाणी-चहा घट्ट करून द्यायला लागलो. जेवताना टेबलावर पितळी डबा पालथा घालून त्यावर ताट ठेवायचो, म्हणजे ताट डोळ्यांच्या रेषेत यायचं आणि त्यांना भाजी कुठे, भात कुठे ते दिसायचं. हा उपाय आम्हाला २०१९ मध्ये कुणी सांगितला असता तर किती बरं झालं असतं. खर्च रात्रीच्या अटेंडंटचा सगळ्यात जास्त, महिन्याला १८,०००. जानेवारी २०२४ मध्ये बाथरूममध्ये पडले, कपाळाला चार टाके पडले, सीटी स्कॅन नॉर्मल आला. ही नोंद पुढे आडवी येणार होती.

३ फेब्रुवारीला न्यूमोनिया झाला. अन्न श्वासनलिकेत जाऊन होतो तो, पीएसपीमध्ये पुष्कळांचा शेवट असाच होतो. घराजवळच्या एका खाजगी हॉस्पिटलात ठेवलं. व्हेंटिलेटर नको हे अप्पांचं आधीच ठरलेलं होतं.

८ तारखेला पहाटे ते गेले. आई जवळ होती, मी होते. पंधरा-वीस मिनिटं आम्ही काहीच केलं नाही, आणि ते बरोबरच होतं असं मला वाटतं, तेवढा वेळ घ्या. मग चारच्या सुमाराला मी ब्रेन बँकेचा नंबर लावला, तो माझ्या, नवऱ्याच्या आणि दादाच्या फोनमध्ये सेव्ह होता आणि फ्रिजवरही चिकटवलेला होता. फोन उचलला गेला. पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, मृत्यूची वेळ काय, कारण काय, शरीर कुठे आहे, आणि सांगितलं की कागद हातात आले की लगेच घेऊन या, तोपर्यंत थंड जागेत ठेवा आणि कुणालाही औषध टोचून शरीर टिकवायची प्रक्रिया करू देऊ नका.

अडचण आली ती कागदांपाशी. ड्युटीवरच्या डॉक्टरने फाइलमध्ये जानेवारीतल्या पडण्याची नोंद पाहिली आणि म्हणाला डोक्याला मार होता, ही मेडिको-लीगल केस होऊ शकते, पोलिसांना कळवावं लागेल. तसं झालं असतं तर पोलीस, पंचनामा, सरकारी पोस्टमॉर्टेम, आणि मेंदू वेळेत मिळणं विसराच. तो आपल्या परीने नियमच बघत होता, पण मला त्या क्षणी जमीन सरकल्यासारखं झालं. मी जानेवारीचा नॉर्मल सीटी स्कॅन दाखवला, त्याने वरिष्ठांना फोन केला, वरिष्ठ डॉक्टर सव्वासातला आले. त्यांनी सगळं बघून मृत्यूचं कारण अॅस्पिरेशन न्यूमोनिया, मूळ आजार पीएसपी असं लिहून दिलं आणि प्रश्न मिटला. पण तीन तास गेले. तुमच्या पेशंटला शेवटच्या काही महिन्यांत पडून मार लागला असेल तर अॅडमिट करतानाच उपचार करणाऱ्या मुख्य डॉक्टरांशी हे बोलून ठेवा आणि मेंदूदानाच्या फॉर्मची झेरॉक्स केस पेपरला लावायला सांगा. आम्ही तोंडी सांगितलं होतं, आणि रात्रपाळीच्या डॉक्टरपर्यंत ते पोचलंच नव्हतं.

दुसरं म्हणजे बिल. इन्शुरन्सचं कॅशलेस अप्रूव्हल यायला दुपार झाली असती. आम्ही उरलेले ४१,००० कार्डने भरले आणि नंतर रीइम्बर्समेंटला टाकले, ते ५२ दिवसांनी जमा झाले. त्या दिवशी कार्डावर तेवढी लिमिट असणं फार उपयोगी पडलं. अॅम्ब्युलन्स ३,२०० रुपये, परत घरी आणि स्मशानापर्यंत धरून. सोबत मी नेलं ते असं: मृत्यूच्या कारणाचं सर्टिफिकेट, अप्पांचं आणि माझं आधार, फॉर्मची आमची प्रत, एमआरआयच्या फिल्म्स आणि निम्हान्सची जुनी फाइल. आजाराची सगळी हिस्ट्री सोबत असेल तर त्या मेंदूचा अभ्यासाला उपयोग वाढतो असं त्यांनी आधीच सांगितलेलं होतं.

साडेनऊला आम्ही पोचलो. संमतीच्या कागदावर आईने सही केली. तिचा हात स्थिर होता, माझा थरथरत होता. रक्ताची तपासणीही करतात, एचआयव्ही, हिपॅटायटिस वगैरे, कारण पुढे हाताळणाऱ्यांना धोका नको. आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. पाऊण तासात दादा विमानतळावरून थेट तिथे आला, आणि अप्पांना आत नेण्याआधी बघायला मिळालं नाही म्हणून खूप रडला. लांबून कुणी येणार असेल तर हे आधीच ठरवून ठेवा, की थांबायचं का नाही थांबायचं. आमचं ठरलेलं होतं की थांबायचं नाही, दादाही त्याला तयार होता, तरी ती वेळ आल्यावर जड जातंच.

साडेबाराच्या सुमाराला अप्पांना बाहेर आणलं. चेहरा तसाच होता, झोपल्यासारखा. डोक्याला पांढरं कापड गुंडाळलेलं. आईने विचारलं बघू का, तिथल्या माणसाने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, त्याने मागच्या बाजूने कापड जरा वर केलं. केसांच्या आतून टाके गेले होते, काळ्या दोऱ्याचे, सगळे एका अंतराचे, एकही ओढलेला नाही, कुठे चुणी नाही. आईने कानामागच्या पहिल्या टाक्यापासून सुरुवात करून शेवटपर्यंत नजर नेली, जशी ती दुकानात गिऱ्हाइकाला देण्याआधी अप्पांची शिवण बघायची तशी. मग म्हणाली, "चांगलं शिवलंय." त्या माणसाला मराठी कळलं नसणार, पण त्याने हात जोडले. ते कन्नडमध्ये सांगायचं मला सुचलं नाही, त्याची रुखरुख अजून आहे.

घरी दोन तास ठेवलं, आत्यांनी डोक्यावर टोपी घातली, अप्पांची नेहमीची पांढरी. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना काही कळलंही नाही. संध्याकाळी विल्सन गार्डनच्या विद्युतदाहिनीत अंत्यसंस्कार झाले. दुसऱ्या दिवशी अस्थी घेतल्या.

मृत्यूचा दाखला नेहमीसारखाच निघतो, त्यात मेंदूदानाचा काही संबंध येत नाही. हॉस्पिटलात मृत्यू झाला तर तेच फॉर्म ४ भरून निबंधकाकडे पाठवतात, घरी झाला तर डॉक्टरकडून फॉर्म ४अ घ्यावा लागतो. नोंदणी २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. घरीच गेले तर पहाटेच्या वेळी हा फॉर्म देणारा डॉक्टर कोण, हे आधी ठरवून त्यांच्याशी बोलून ठेवा, ऐनवेळी अनोळखी डॉक्टर सही करत नाही. दाखल्याच्या जास्तीच्या प्रती एकदमच घ्या, बँक, पेन्शन, गॅस, सगळीकडे लागतात.

मग वाट बघणं. रिपोर्ट हवा असेल तर सांगा असं त्यांनी आम्हाला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. दादाला नको होता, आता कळून काय करायचं म्हणाला. मला मात्र मार्च-एप्रिलमध्ये रोज वाटायचं की समजा पीएसपी नसेलच तर? काहीतरी औषध असलेलं निघालं तर? झोप लागायची नाही. हे कुणी आधी सांगत नाही, की रिपोर्टची वाट बघण्यात परत एक दुःख असतं. एकदा फोन केला तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की घाईचं काम नाही, एकेका भागाचे काप करून वेगवेगळे रंग देऊन बघावे लागतात.

२९ जुलैला रिपोर्ट मिळाला, सोमवार होता. मेंदूचं वजन ११८० ग्रॅम. मध्यमेंदू आक्रसलेला. सबस्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे मध्यमेंदूतला तो काळा पट्टा जो नावाप्रमाणे काळा असायला हवा, तो फिकट पडलेला. टाऊ प्रोटीनच्या गुठळ्या चेतापेशींमध्ये, आणि शिवाय अॅस्ट्रोसाइट नावाच्या पेशींमध्ये झुपक्यासारख्या. टफ्टेड अॅस्ट्रोसाइट म्हणतात, ही पीएसपीची खूण. पार्किन्सन्समध्ये सापडणाऱ्या लेवी बॉडीज नावाच्या गुठळ्या कुठेच नव्हत्या. निदान पक्कं. डॉक्टरांनी अर्धा तास बसून प्रत्येक ओळ समजावली, मी वहीत लिहून घेतलं.

रात्री जेवणं झाल्यावर आईला वहीतून वाचून दाखवलं, मराठीत सांगत सांगत. डोळे वर-खाली फिरवणारी केंद्रं याच मध्यमेंदूत असतात आणि तिथल्या पेशी पुष्कळ मेलेल्या होत्या, इथे आल्यावर तिने मला थांबवलं. कधीपासून मरायला लागल्या असतील, असं विचारलं. मी म्हटलं काजं वाकडी जायला लागली तेव्हा तर नक्कीच, कदाचित त्याच्याही आधीपासून. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे त्यांना खाली बघताच येत नव्हतं. आणि मी रोज ओरडले." मी म्हटलं तुला कुठे माहीत होतं, मला नव्हतं, डोळ्यांच्या डॉक्टरांना नव्हतं. ती म्हणाली, "त्यांना तरी कुठे माहीत होतं, खरं एकदाही उलटून बोलले नाहीत." त्या रात्री आम्ही दोघी उशिरापर्यंत जाग्या होतो.

रिपोर्टची एक प्रत दादाला पाठवली. त्याने वाचली नाही, पण जपून ठेवलीय म्हणाला. मूळ प्रत अप्पांच्या फाइलमध्ये आहे, मापाच्या वहीशेजारी. त्याच फाइलमध्ये आता आईचा फॉर्म आहे. तिला बीपी सोडून काही नाही, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे, आणि तुलनेला चांगले मेंदू मिळत नाहीत हे तिने त्या बुधवारचं पक्कं लक्षात ठेवलं होतं. तिची सही झालीय, साक्षीदार म्हणून माझी झालीय. दादाची व्हायचीय, तो दिवाळीला येणार आहे तेव्हा बोलू.